गाडी रात्री कुठं उभी असते?

आमच्या घरात खोटं बोलायला कुणाची ना नसते. फक्त ते सगळ्यांनी मिळून एकसारखं बोलायचं असतं, आणि आमच्याकडं चार माणसांचं एकमत आजवर कशावरच झालेलं नाही. म्हणूनच आमचं घर प्रामाणिक म्हणून अख्ख्या गडमुडशिंगीत ओळखलं जातं.

मी त्या घरची सून. कोल्हापुरात एका हायस्कुलात मराठी शिकवते, स्कूटीवरून जाते-येते, आणि घरी आले की माझं मराठी कुणी ऐकून घेत नाही. सासऱ्यांना मी मामंजी म्हणते. वय झालंय, गुडघे गेलेत, पण आवाज अजून बांधावरचाच आहे. ते कानात काही सांगायला लागले तर शेजारची म्हैस उठून उभी राहते. आमचे हे एका पतसंस्थेत वसुलीला आहेत. बाहेर भल्याभल्यांना घाम फोडतात, पण वडिलांसमोर ते अजून सातवीत आहेत. आणि आम्हाला एकच लेक. ही सगळी भानगड तिच्या गाडीची.

लेक पुण्याला शिकायला निघाली तेव्हा मामंजींनी पहिला प्रश्न विचारला, "शिकणार काय?"

"नकाशे, आज्जा. कॉम्प्युटरवर नकाशे करायचे."

"मग पुण्याला कशाला? नकाशा काढायचा तर गाव हितं हाय की."

त्यानंतर त्यांनी अबोला धरला. अबोला म्हणजे काय, ते माझ्याशी बोलायचे, म्हशीशी बोलायचे, टीव्हीशी तर कडाकडा भांडायचे. फक्त नातीशी बोलायचे नाहीत. आणि एक दिवस स्वतःच एक लाल रंगाची जुनी गाडी दारात आणून उभी केली, ती पण नातीच्या नावावर. आम्ही सगळे चाट. नंतर कळलं की त्यात पण त्यांचं राजकारण होतं. "यष्टीनं जाणार म्हंजे येणारच न्हाय. गर्दी हुती, तिकीट मिळालं न्हाय, पन्नास कारणं. गाडी दिली की दर शनवारी घरी." म्हणजे गाडी जायला दिलेली नव्हती, परत यायला दिलेली होती.

चावी हातात देताना त्यांनी एक अट पण घातली. अंगणात, सगळ्या भावकीसमोर. "गाडीवर येक ओरखडा दिसला की गाडी शेडात आणि तू हितल्या कॉलेजात. सांगून ठेवतो."

आता आमच्या मामंजींचा शब्द म्हणजे काय चीज आहे, हे गावात विचारा. एकदा शेजाऱ्याच्या पायरीवर पाय ठेवणार नाही म्हणाले होते, तर त्याच्या मुलाच्या लग्नात मांडवाच्या दोरीबाहेर खुर्ची टाकून जेवले. पण जेवले. शब्द मोडला नाही.

मग गाडी आधी जोतिबाला नेली. नवीन गाडी देवाला दाखवल्याशिवाय आमच्याकडं पेट्रोल पंपावर पण नेत नाहीत. तिथं जो गुलाल उधळला, तो सीटच्या शिवणीतनं अजून निघतो. मामंजींची जोतिबावर भारी भक्ती. माघातल्या रविवारी खेट्याला म्हणून डोंगरावर जाणार, आणि येताना नखशिखांत गुलाबी होऊन येणार. जाताना घालणार पांढरा शर्ट. का, तर देवाला पांढऱ्यातच जायचं. अहो, पण तो धुणार कोण? देव? मी साबण घासून घासून मरायची, तरी कॉलरला गुलाबी राहायचंच. जोतिबाहून पांढरा परत आलेला माणूस मी बघितलेला नाही.

म्हणजे एकदाच बघितला. या वर्षीच्या एका खेट्याला मामंजी पहाटे गेले ते रात्री उशिरा आले, आणि शर्ट जसा गेला तसा परत आला. चुरगळलेला होता, पण गुलालाचा कण नाही. "लई गर्दी हुती," एवढंच म्हणाले आणि झोपले. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले. धुणं वाचलं की बाईमाणूस चौकशी करत बसत नाही.

पण मी पुढं पळाले. आधी इन्शुरन्सचं सांगायला हवं.

इन्शुरन्सचं काम आमच्या चुलत दिरांकडं. म्हणजे भाऊजी. गावात ज्याच्या दारात चाक आहे त्याच्या दारात भाऊजी असतात. मोबाइलवर भराभरा सगळं भरत होते. नाव, गाडीचा नंबर, वर्ष. मग म्हणाले, "आता हे विचारतंय, गाडी रात्री कुठं उभी असते?"

"पुण्यात," मी म्हटलं.

"शेडात," मामंजी म्हणाले.

"दोन्ही लिही की," आमचे हे म्हणाले. यांची ही जन्माची सवय. जेवायला काय करू विचारलं तरी दोन्ही कर म्हणतात.

मी म्हटलं, "मामंजी, पोरगी पुण्यात, गाडी पुण्यात. शेडात आत्ता म्हैस बांधलेली आहे."

"पोरगी शिकायला गेलीया, ऱ्हायला न्हाय," मामंजींचा आवाज चढला. "ऱ्हायला ती हितंच हाय. मग तिची गाडी बी हितंच ऱ्हाती. लिव रे. पत्र्याचं शेड, आंब्याखाली, गडमुडशिंगी."

भाऊजींनी मान डोलावली. "वैनी, काका म्हणत्यात त्येच बरं हाय. पुणं लिवलं की हप्ता बी वाढतोय. आणि कोण येतंय हितं बघायला?"

लेक फोनवर होती, स्पीकरवर. ती म्हणत होती, "अहो काका, खरं ते लिहा! मी नकाशे शिकते, आणि माझ्याच गाडीची जागा चुकीची टाकताय?" पण आमच्या घरात स्पीकरवर असणं म्हणजे विहिरीत असणं. ती ओरडत राहिली आणि पॉलिसी निघाली. त्या कागदाप्रमाणं आमच्या लेकीची गाडी वर्षभर म्हशीच्या शेजारी उभी होती.

लेक सुरुवातीला दर शनिवारी यायची. मग एकाआड एक. मग परीक्षा, मग प्रोजेक्ट, मग मैत्रिणीचं लग्न. मामंजी शनिवारी संध्याकाळी कट्ट्यावर रस्त्याकडं तोंड करून बसायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, वाऱ्याला बसलोय. वारा मागच्या अंगणात जास्त लागतो, हे गावाला माहीत आहे. पण त्यांना बोलणार कोण?

आणि चैत्राच्या शेवटी एका दुपारी लेकीचा फोन आला. पहिलं वाक्य, "आई, मला काही झालेलं नाही."

म्हणजे काहीतरी झालेलं आहे, हे कुठल्या आईला कळत नाही? मधली सुट्टी होती, मी व्हरांड्यातच फोन कानाला दाबून धरला. पुण्यात वळवाचं वारं सुटलं होतं. ती राहते त्या इमारतीच्या आवारात गुलमोहोर आहे, त्याची एक मोठी फांदी गाडीवर पडली. पुढची काच गेली, टप आत बसला. लेक वर खोलीत होती. ती रडत होती, पण काचेसाठी नव्हती रडत.

"आई, आज्जा मला परत बोलावणार."

मला एक सांगू दे. माझं लग्न झालं तेव्हा माझं शिक्षण अर्धं होतं. पुढचं मी भाकरी थापत, एक डोळा तव्यावर आणि एक पुस्तकावर ठेवून केलं. त्याबद्दल मला कुणावर राग नाही, म्हणजे थोडा आहे. पण माझ्या लेकीनं अर्ध्यातनं उठून परत येऊ नये, एवढी एकच गोष्ट मला त्या वेळी हवी होती. त्यासाठी मी कुणाच्याही पाया पडले असते आणि कुणाचाही गळा धरला असता.

संध्याकाळी बैठक बसली. मामंजींना सांगायलाच लागलं. त्यांच्या हातातली सुपारी अडकित्त्यातच राहिली. मग एकच विचारलं, "पोरगी कुठं हुती तवा?"

"वर. खोलीत."

"मंग ठीक हाय." आणि थोड्या वेळानं, "इन्शुरन्सवाल्यानं गाडी धड करून दिली, तर जाऊ दे परत. गाडीवर ओरखडा न्हाई म्हंजे न्हाई. न्हायतर मी बोललोय त्ये बोललोय."

बघा म्हणजे! लेकीचं शिक्षण आता विमा कंपनीच्या हातात.

भाऊजी पॉलिसी काढून बसले आणि त्यांचा चेहरा उतरला. "वैनी, घोळ झालाय. हितं लिवलंय, गाडी शेडात असती. मग फांदी पुण्यात कशी पडंल? क्लेम उडवणार हे लोक."

"मग आता?" हे म्हणाले.

भाऊजींनी जरा विचार केला आणि त्यांच्या डोळ्यांत जे तेज आलं, ते बघूनच मला घाम फुटला. "आता एकच. फांदी हितं पडाय पाय्जे."

मी नको म्हणायला हवं होतं? म्हटलं की! एकदा म्हटलं. मग लेकीचा तो रडका आवाज आठवला आणि गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी गाडी टेम्पोवर घालून, वर ताडपत्री टाकून आणली. कुणाला कळू नये म्हणून ताडपत्री. पण झाकलेली गाडी म्हटल्यावर गाव लोटला. "काय आणलंय? काय आणलंय?" भाऊजी म्हणाले, "काय न्हाय, खत हाय." खताला चार चाकं आणि हॉर्न असतो, हे गावाला पहिल्यांदाच कळलं. घटकाभरात सगळ्यांना सगळं माहीत झालं आणि सगळे मदतीला आले. आमच्या गावाचं हे एक मोठं आहे. कुणाचं मयत असो, बारसं असो, की कंपनीला फसवायचं असो, माणसं स्वतःची चप्पल घालायच्या आधी दारात हजर.

गाडी शेडाबाहेर आंब्याखाली उभी केली. आता फांदी हवी. भाऊजी कोयता घेऊन आंब्यावर चढायला लागले, तर मामंजी असे काय कडाडले! "हात लाव! हात लाव तर खरं! माझ्या बानं लावलेलं झाड हाय. पानाला धक्का लागला तर तंगडं तोडीन!"

"अवो काका, पण पुराव्याला तर—"

"पुरावा गेला खड्ड्यात."

शेवटी भाऊजी ओढ्याकडनं एक सुबाभळीची फांदी तोडून घेऊन आले आणि ती गाडीच्या टपावर ठेवली. वर आंबा, खाली सुबाभूळ. मी म्हटलं, "भाऊजी, आंब्याला सुबाभळीची फांदी कधीपासून फुटायला लागली?"

"वैनी, तुमी लई विचार करता. कंपनीकडनं बघाय येणाऱ्या पावण्याला काय कळतंय? फांदी म्हंजे फांदी."

मग तालीम झाली. कोण काय सांगणार? कट्ट्यावरच्या एका आजोबांनी सांगायचं, मी वाऱ्याचा आवाज ऐकला. दुधाच्या डेअरीवरच्या माणसानं सांगायचं, मी फांदी पडताना बघितली. पण तिथं उत्साह एवढा, की तालमीतच आजोबांनी फांदी बघितली, डेअरीवाल्याच्या खांद्याला ती चाटून गेली, आणि ज्यांना काहीच सांगायला दिलं नव्हतं असल्या दोघा-तिघांनी आपापल्या घराचे पत्रे पण उडवले. मामंजी एकटे बाजूला बसले होते. म्हणाले, "मी काय बी बोलणार न्हाय. तुमचं तुमी बघा." ते गप्प बसणार, ह्याचाच आम्हाला सगळ्यात मोठा आधार होता.

आणि लेक आली, यष्टीनं. पिशवी खाली ठेवायच्या आधी सुबाभूळ बघितली, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाली, "मी सही करणार नाही."

"काय म्हणालीस?"

"गाडी माझ्या नावावर आहे. जबाब मला लिहून द्यायचाय. मी खोटं लिहिणार नाही."

मला असा संताप आला म्हणून सांगू! "अगं, तुझ्यासाठी चाललंय हे सगळं! सत्यवादी व्हायला तुला हाच मुहूर्त सापडला काय? सही कर आणि जा तिकडं शिकायला!"

"आणि शाळेत पोरांना काय शिकवतीस तू?"

"त्याचा मला पगार मिळतो!" मी ओरडले. ओरडल्यावर माझं मलाच कसंसं झालं, पण माघार घेणं आमच्या घरात कुणाला येत नाही, मी पण आता याच घरची. मायलेकी तोंड फिरवून बसलो. तिचं म्हणणं खरं होतं, माझी भीती पण खरी होती. दोन्ही खरं असल्यावर माणसानं करायचं काय?

तेवढ्यात मोटरसायकलवरनं विमा कंपनीचे सर्व्हेअर आले, नुकसान बघायला.

चाळिशीचा, बारीकसा, मितभाषी माणूस. गळ्यात कॅमेऱ्याची पिशवी. आले आणि गाडीभोवती एक फेरी मारली. फोटो काढले. एकदा वर आंब्याकडं बघितलं. एकदा खाली फांदीकडं बघितलं. परत वर बघितलं. भाऊजी उगाचच खोकले. सर्व्हेअर म्हणाले, "बरं. जबाब घेऊ या का?"

"पावणं," मामंजी म्हणाले, "आदी जेवा."

"नको नको, कामाचं आधी—"

"आमच्या दारात येऊन उपाशी काम? असलं चालत न्हाय हितं. बसा."

कंपनीचा माणूस म्हणून आला असला तरी उंबऱ्याच्या आत आला की तो पावणा. पांढरा रस्सा, तांबडा रस्सा, मटण, भाकरी. मी वाढत होते आणि मनात म्हणत होते, खा बाबा, पोटभर खा, आणि आमच्या लेकीकडं दयेनं बघ. सर्व्हेअर चार वेळा उठायला निघाले, चारही वेळा कुणीतरी ताटात वाटी उपडी केली. जबाबाचा कागद पिशवीतच राहिला. बाहेर कट्ट्यावर साक्षीदार ओळीनं बसून होते. लेक दाराला टेकून उभी होती, माझ्याकडं न बघता.

जेवताना काहीतरी बोलायचं म्हणून सर्व्हेअर सहज म्हणाले, "झाड जुनं आहे का हो? किडकं असणार. नाहीतर एवढ्याशा वाऱ्यात फांदी मोडत नाही. असलं पोकळ झाड दारात ठेवू नये, वेळीच तोडून टाकावं."

झालं.

मामंजींची भाकरी हातातच राहिली. मी बघितलं, भाऊजींनी बघितलं, ह्यांनी तर डोळेच मिटून घेतले.

"किडकं?" मामंजी म्हणाले. "कोण किडकं? आमचा आंबा?"

"काका, पाणी प्या," भाऊजी म्हणाले.

"थांब रं! पावणं, तुमी आमचं मीठ खाल्लंय म्हणून ऐकून घेतो. माझ्या बानं लावलेला आंबा हाय त्यो. एवढे महापूर बघितले, वादळं बघितली, आजवर येक काडी पडली न्हाय त्याची! पोकळ म्हणं! पोकळ हाय त्यो तिकडचा गुलमोहोर, पुण्यातला! बुंध्यात ही एवढी ढोली, मुंग्या लागलेल्या, हाताला लागला तर भुसा पडतोय! मी सवताच्या डोळ्यांनी बघून आलोय. त्या वॉचमनला सांगून आलतो मी, बाबा रे, हे झाड पडणार हाय, आमच्या पोरीची लाल गाडी ह्याच्याखाली लावू देऊ नको. ऐकलं कुणी? न्हाय ऐकलं! आणि नाव आमच्या आंब्याचं!"

बाहेर कट्ट्यावर डेअरीवाल्यानं चाटून गेलेला खांदा चोळायचा थांबवला.

भाऊजी हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "साहेब, म्हातारं माणूस हाय, काय बी बोलतंय..."

पण लेक पुढं आली होती. "आज्जा, तुम्ही पुण्याला आलतासा? कधी?"

मामंजी ताटाकडं बघायला लागले. एवढा मोठा आवाज कुठं गेला कुणास ठाऊक. "खेट्याला," म्हणाले.

तेव्हा मला तो शर्ट आठवला. चुरगळलेला, पांढरा, गुलालाचा कण नसलेला. मी देवाला हात जोडले होते, आणि तो माणूस गुडघे धरत यष्टीनं पुण्याला जाऊन आला होता.

लेक म्हणाली, "वॉचमन म्हणाला होता मला. एक म्हातारा येऊन झाडाबद्दल ओरडून गेला म्हणून. मला वाटलं, सोसायटीतलं कोणीतरी असेल. आज्जा, मग वर का नाही आलात?"

"येणारच हुतो की. पेरू आणलं हुतं. तर तू कोपऱ्यावर चहाच्या गाड्यापाशी मैत्रिणींबरोबर उभी हुतीस. हसत हुतीस." त्यांनी ताटातली वाटी सरकवली. "अशी हसल्याली कवा बघितलीच न्हवती तुला. म्हटलं, कशाला मदी जायाचं. गाडीवर धूळ लई हुती, तेवढी पुसली. पेरू वॉचमनला दिलं. आलो."

मला तिथं उभं राहवेना. पदर तोंडाला लावून मी रश्श्याचं पातेलं घेऊन आत गेले आणि तसंच परत बाहेर आले. आमचे हे, ज्यांना वसुलीत कुणाची दया येत नाही, ते भाकरीचे तुकडे मोडत बसले होते, खात नव्हते.

सर्व्हेअरनी हात धुतले. पुसले. मग म्हणाले, "पॉलिसी साऱ्या देशात चालते हो. गाडी मुडशिंगीत असू दे, पुण्यात असू दे, नाहीतर काश्मिरात. फांदी कुठं पडली याला बंधन नाही. मला फक्त खरं काय घडलं ते लिहून पाहिजे."

आम्ही सगळ्यांनी भाऊजींकडं बघितलं. त्या पॉलिसीत काय लिहिलंय ते जगात फक्त एका माणसाला माहीत नव्हतं, आणि तो ती विकत होता.

"फांदी इथं पडली असं लिहून दिलं असतंत, तर मात्र सगळं गेलं असतं," सर्व्हेअर म्हणाले. "नशीब तुमचं, अजून मी कुणाचा जबाब घेतलेला नाही. तुम्ही मला ताटावरनं उठू देताय कुठं? आता गाडी राहण्याची जागा चुकीची टाकलीय, ती दुरुस्त करून घ्या. हप्त्यात फरक पडला तर तो भरा. बाकी फोटो आहेत का कुणाकडं, पुण्यातले?"

"आहेत," लेक म्हणाली. "काका म्हणाले होते डिलीट कर. मी नाही केले."

भाऊजी हळूच बाहेर गेले आणि गाडीवरची सुबाभूळ काढायला लागले. साक्षीदार पण एकेक करून उठले, जरा हिरमुसलेच. एवढी तालीम केलेली माणसं, एकाला पण तोंड उघडायला मिळालं नाही.

सर्व्हेअरनी कागद काढला. "सांगा. गाडी रात्री कुठं उभी असते?"

मी तोंड उघडलं, लेकीनं पण उघडलं. पण मामंजी आधी बोलले. "मी सांगतो. लिवा." आणि त्यांनी इमारतीचं नाव सांगितलं, गल्ली सांगितली, कोपऱ्यावरचा चहाचा गाडा सांगितला, गेटमधनं आत गेल्यावर डाव्या हाताला, पाण्याच्या टाकीपाशी. "गुलमोहोराखाली लिवू नका," म्हणाले. "तिथं आता लावायची न्हाय." ज्या गावाचं नाव वर्षभर त्यांच्या तोंडातनं निघालं नव्हतं, तिथला इंच न इंच त्यांना पाठ होता.

लेकीनं सही केली. मग तिथंच, सगळ्यांसमोर, विचारलं, "आज्जा, मग मी जाऊ परत? गाडी दुरुस्त व्हायला वेळ लागेल. ओरखडा तर आहेच अजून."

शब्द म्हणजे शब्द, हे मी बावीस वर्षं बघितलेलं होतं.

मामंजींनी सुपारी कातरली. तोंडात टाकली. "आता पत्ता लिवून दिलाय की कंपनीला," म्हणाले. "परत परत कोण बदलत बसणार?"

लेक दुसऱ्या दिवशी गेली. जाताना मला मिठी मारली, भांडण न मिटवताच. आमच्याकडं ते तसंच मिटतं.

त्याच्या पुढच्या रविवारी पहाटे मामंजी पांढरा शर्ट घालून तयार. माघ नाही, खेटे नाहीत. "जोतिबाला जाऊन येतो," म्हणाले, माझ्याकडं न बघता.

मी काही विचारलं नाही. धपाटी, खर्डा, दह्याचा डबा आणि पेरू पिशवीत भरून त्यांच्या हातात दिले. पायरीपर्यंत सोडायला गेले, तिथं त्यांना सांगितलं, "मामंजी, आता तरी खालनं परत येऊ नका. जिना चढून वर जावा."